लाइट परत येईल तेव्हा मशीन काय करील?

पत्र थोडक्यात: नाशिकमधले एक वाचक वर्षभरापूर्वी बँकेतून निवृत्त झाले. लहानपणी शेजारच्या सुतारकाकांकडे बसून लाकूडकामाची जी ओढ लागली ती आता पुरी करायची, म्हणून त्यांनी बंगल्यालगतची गाडीची शेड रिकामी केली आणि बंद पडलेल्या एका फर्निचरच्या कारखान्यातून जुनं करवत-रंधा मशीन आणलं. बिडाचं, वजनदार, खाली २ एचपीची थ्री फेज मोटर. घरात मात्र सिंगल फेज. ओळखीच्या वायरमनने कंडेन्सर लावून मोटर चालवून पाहिली. ती गुणगुणली, रडतखडत फिरली आणि शेडचा ६ ॲम्पियरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जळका वास आला. वायरमन म्हणतो, "एमसीबी बारीक आहे, ३२चा टाकू, मग बघा." पुण्यातला मुलगा म्हणतो, व्हीएफडी (सिंगल फेजपासून थ्री फेज बनवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) लावा. पत्नी म्हणतात, मशीन विकून टाका, या वयात बोटं घालवायची आहेत का? वाचक विचारतात, "दोन-तीन वायरी कुठे जोडायच्या एवढंच सांगा, बाकी मी करतो. मी काही अगदीच अडाणी नाही. आणि घरातला विरोध कसा मोडायचा तेही सांगा."

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना आधी मला त्या मशीनचा हेवा वाटला. बिडाच्या टेबलावर तळहात ठेवला की जो थंड, भरीव स्पर्श लागतो तो हल्लीच्या पत्र्याच्या टेबलांना नाही. साठीनंतर माणूस हातांना काम द्यायचं म्हणतो याचा मला मनापासून आनंद आहे. मशीन विका असं मी सांगणार नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं देणार नाही. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्रीच्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं. दर नवी तुकडी पहिल्या आठवड्यात हेच विचारायची: सर, कोणती वायर कुठे? मोटर चालू कशी करायची हे सगळ्यांना हवं असतं. ती बंद कशी होईल, कोणाच्या हाताने होईल आणि एकदा बंद झाली की बंदच राहील का, हे क्वचितच कोणी विचारतं. तुमच्या शेडची जोडणी आपण त्या टोकाकडून लावू. तसं केलं की कंडेन्सर, एमसीबी, व्हीएफडी हे सगळे प्रश्न आपोआप ओळीत येतात, आणि वहिनींच्या प्रश्नाचंही उत्तर त्यातच मिळतं.

सुरुवात त्या एमसीबीपासून. तुमचा वायरमन त्याला बारीक म्हणतो. मी म्हणेन, त्याने तुमची शेड वाचवली. शेडमध्ये सध्या दिव्याचं आणि एका छोट्या प्लगचं सर्किट आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वायर बहुधा दीड एमएमची, फार तर १३ ते १६ ॲम्पियर सुखाने नेणारी. एमसीबी मोटरसाठी नसतो, तो भिंतीतल्या त्या वायरसाठी असतो. तिथे ३२चा बसवला तर काय होईल ते बघा: ३२चा एमसीबी ३६ ॲम्पियर तासभर मुकाट्याने जाऊ देतो, त्याची रचनाच तशी असते. तेवढ्या वेळात पाइपमधल्या दीड एमएमच्या वायरीवरचं प्लास्टिक मऊ होऊन ओघळायला लागेल, आणि शेडमध्ये खाली भुसा पसरलेला असेल. तेव्हा ३२चा एमसीबी हा विषय इथेच संपवा. वायरमनशी भांडू नका. त्याचा हेतू वाईट नाही, सवय वेगळी आहे.

ती सवय कुठून आली हेही सांगतो, कारण कंडेन्सरचा सल्लाही तिथूनच आलाय. आपल्याकडे शेतावर थ्री फेज पुरेसा वेळ मिळत नाही, मग दोन फेज आणि कंडेन्सरवर पंप चालवायचा जुगाड गावोगाव आहे. विहिरीवरचा पंप तसा ओढतोही, कारण दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट मिळतात आणि पंपाचा भार एकसारखा असतो. तुमच्या घरात मिळतात २३० व्होल्ट. आपल्याकडच्या २ एचपीपर्यंतच्या थ्री फेज मोटरी बहुतेक आतून स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेल्या असतात, म्हणजे त्यांना ४१५च हवेत. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ४१५च्या जागी २३० दिले की जोर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. वर कंडेन्सरने बनवलेला तिसरा फेज हा खोटाच, तो एकाच भारावर बरोबर बसतो. लाकूड कापताना भार सारखा बदलतो, गाठ आली की एकदम वाढतो. तुमची मोटर गुणगुणून रडत फिरली ती म्हणूनच. अडकल्या मोटरचा करंट वाइंडिंगमधून जात राहिला आणि वास आला. तिसऱ्यांदा वास आलाय म्हणता, तर पुढचं काही करण्याआधी ती मोटर मोटर भरणाऱ्याकडे नेऊन ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासून घ्या. बॉडी आणि वाइंडिंगमध्ये १ मेगोहमपेक्षा कमी दाखवलं तर आधी वाळवावी लागेल, नाहीतर भरावी लागेल. पावसाळ्यात बंद कारखान्यात पडून राहिलेल्या मोटरीत ओल हमखास असते.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याबद्दल.

माझ्या ओळखीचा एक सुतार, अतिशय निगुतीने काम करणारा माणूस, एका गाळ्यात करवत चालवायचा. मशीनला साधा स्विच, भिंतीवरच्या पंख्याला असतो तसा, फक्त मोठा. एका दुपारी फळी अर्धी कापली असताना लाइट गेली. पातं थांबलं. फळी पात्यात अडकली होती. तो स्विच बंद करायला विसरला, कारण त्याच्या डोळ्यासमोर मशीन बंदच होतं. त्याने डाव्या हाताने फळी मागे ओढायला घेतली, उजव्या हाताने पात्याशेजारची चिरफाळी काढत होता. आणि लाइट आली. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो मला एवढंच म्हणाला, "सर, मी मशीन चालू केलंच नव्हतं." दोन बोटांची पेरं गेली होती.

त्याने चालू केलं नव्हतं हे खरंच होतं. त्या दुपारी मशीन फीडरने, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या लाइनने, चालू केलं होतं. आपल्या गावांत, पावसाळ्यात तर विशेषच, लाइट जाते आणि येते हे गृहीत धरून जोडणी करायला हवी. साध्या स्विचला किंवा एमसीबीला लाइट गेल्याचं कळतच नाही. तो 'चालू'वरच राहतो.

यावरचा उपाय जुना आहे, स्वस्त आहे आणि तुम्ही तो शेकडो वेळा पाहिला असेल: हिरवं आणि लाल बटण असलेला डीओएल स्टार्टर. आत एक कॉन्टॅक्टर असतो. हिरवं बटण दाबलं की त्याची कॉइल विजेने भारते, लोखंडी तुकडा 'खट्' करून ओढते आणि सर्किट जुळतं. बटण सोडलं तरी कॉन्टॅक्टर स्वतःच्याच एका टोकातून स्वतःला धरून ठेवतो. लाइट गेली की कॉइल सुटते, पकड सुटते. लाइट परत आली तरी कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन हलत नाही. त्या सुताराच्या भिंतीवर एवढी एक पेटी असती तर त्याची बोटं शाबूत राहिली असती.

स्टार्टर जुन्या बाजारातून घेणार असाल तर कॉइलवर काय छापलंय ते वाचा. थ्री फेजच्या पेट्यांत बहुतेक वेळा ४१५ व्होल्टची कॉइल असते. ती २३०वर धड ओढत नाही, थरथरत राहते आणि टोकं जाळते. तुम्हाला २३०ची हवी. आत ओव्हरलोड रिले असते, भार जास्त झाला की मोटर बंद करणारी. तिच्या छोट्या चकतीवर मोटरच्या पाटीवरचे ॲम्पियर लावायचे. सिंगल फेज मोटरला ही रिले लावताना करंट तिच्या तिन्ही पट्ट्यांतून फिरवून न्यावा लागतो, नाहीतर एक पट्टी गार आहे म्हणजे फेज गेला असं समजून ती विनाकारण पडते. मग वैतागून लोक रिलेच काढून टाकतात. तुमच्या वायरमनला हे आवर्जून सांगा.

आणि एक गोष्ट त्याला अगदी स्पष्ट शब्दांत सांगा. पंपाच्या पेटीत 'ऑटो' नावाचा एक भाग बसवतात. रात्री दोनला लाइट आली तर शेतकऱ्याला उठून जावं लागू नये म्हणून तो पंप आपोआप चालू करतो. पंपाला तो वरदान आहे. करवतीच्या पेटीत त्याला जागा नाही. पंपांची कामं करणारा माणूस सवयीने तो बसवून देऊ शकतो, म्हणून पेटी बंद करण्याआधी स्वतः विचारून घ्या.

आता मोटरचं काय करायचं. तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत, आणि तिन्ही सरळ आहेत.

महावितरणकडून घरगुती थ्री फेज जोडणी घेता येते. मीटर बदलेल, मीटरपासून शेडपर्यंत नवी वायरिंग लागेल, दर महिन्याचा स्थिर आकार वाढेल. पुढे दुसरी-तिसरी मशीनं आणायची असतील, वेल्डिंग करायचं असेल, तर हा विचार करा. एका मशीनसाठी मी करणार नाही.

दुसरा रस्ता मुलाने सुचवलेला. मुलगा चुकीचं सांगत नाहीये. व्हीएफडी, ज्याला बाजारात ड्राइव्ह म्हणतात, सिंगल फेज घेऊन खरा थ्री फेज देतो. पण सिंगल फेजच्या बहुतेक ड्राइव्हमधून बाहेर २३० व्होल्टचाच थ्री फेज येतो. तुमची स्टारमधली मोटर त्यावर अशक्तच राहील, तिला डेल्टामध्ये (वाइंडिंग त्रिकोणात जोडून) आणावं लागेल. मोटरच्या टर्मिनलची पेटी उघडून बघा. (प्लग काढून, आणि उघडण्याआधी फोनवर फोटो काढून.) आत सहा बोल्ट आणि पितळी पट्ट्या दिसल्या तर काम सोपं आहे: एका ओळीतले तीन बोल्ट आडव्या पट्टीने जोडले असतील तर तो स्टार, वर-खाली तीन उभ्या पट्ट्या लावल्या की डेल्टा. पण २ एचपीच्या जुन्या मोटरीत बहुधा तीनच वायरी बाहेर आलेल्या असतात. स्टारचा जोड आत, वार्निशने दगड झालेल्या वाइंडिंगमध्ये गाडलेला असतो. चांगला मोटर भरणारा तो शोधून, सोडवून सहा टोकं बाहेर काढून देतो. मात्र जुनी, एकदा तापलेली वाइंडिंग उकरताना तार तुटू शकते, आणि मग पूर्ण भरावीच लागते. भरायचीच असेल तर एक बरं, त्याला आधीच सहा टोकं बाहेर ठेवायला सांगता येतं.

ड्राइव्हचा मोठा गुण म्हणजे मोटर अलगद उठते, घरातले दिवे मिचकत नाहीत. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्टार्टर किंवा स्विच ठेवून तो चालू-बंद करायचा नसतो, ड्राइव्ह त्याने मरतो. चालू-बंद ड्राइव्हलाच सांगायचं, आणि तेही दाबून सुटणाऱ्या दोन बटणांनी, ज्याला पुस्तिकेत तीन वायरीचं कंट्रोल म्हणतात. टिचकी मारून चालूवरच राहणारा स्विच लावला आणि लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू राहिली, तर आपण पुन्हा त्या सुताराच्या गाळ्यात उभे असतो. ड्राइव्ह बंद केल्यावरही त्याच्या आत वीज साठून असते. पुस्तिकेत लिहिलेली मिनिटं थांबल्याशिवाय झाकण उघडू नका.

तिसरा रस्ता: थ्री फेज मोटर विकून त्याच ताकदीची सिंगल फेज मोटर बसवणं. माझा कौल याला आहे. त्यात बिघडायला कमी, गावातल्या कोणालाही दुरुस्त करता येतं आणि स्टार्टरची पेटी सरळ लागते. घेताना पंपाची किंवा कूलरची उघडी मोटर घेऊ नका. तिच्या जाळीतून भुसा आत जातो, वाइंडिंगवर गोधडीसारखा बसतो, आणि तिथल्याच स्विचच्या ठिणगीने पेटूही शकतो. पूर्ण बंद, मागे पंखा असलेली हवी. स्टार्टला एक आणि चालताना एक असे दोन कंडेन्सर असलेली मिळाली तर उत्तम. तुमच्या जुन्या मोटरच्या पाटीवरचा वेग बघा, १४४० आहे की २८८० ते. नवीही त्याच वेगाची हवी, नाहीतर पात्याचा वेग दुप्पट होईल किंवा अर्धा. शाफ्टची जाडी, पायाची भोकं आणि पुली मोजून कागदावर घेऊन जा.

अशी मोटर पूर्ण भारावर साधारण १० ते ११ ॲम्पियर घेते, पण उठताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ५५च्या आसपास. तुमची शेड मीटरपासून १८ मीटरवर आहे. जाऊन-येऊन ३६ मीटर तांब्याची तार झाली. त्या उठण्याच्या क्षणी दीड एमएमच्या वायरीत २४ व्होल्ट वाटेतच गळतात, अडीचच्या वायरीत १५, चारच्या वायरीत ९. संध्याकाळी आधीच व्होल्टेज २१०वर आलं असेल तर हा फरक मोटर उठते की अडते हे ठरवतो. म्हणून मीटरपाशी असलेल्या बोर्डापासून शेडपर्यंत चार एमएमची स्वतंत्र लाइन ओढा. तिच्यावर १६ ॲम्पियरचा एमसीबी, सी प्रकारचा. बी प्रकारचा मोटर उठतानाच पडू शकतो. ड्राइव्ह लावलात तर त्याच्या पुस्तिकेत दिलेला एमसीबी बसवा, तो जरा मोठा असेल, चार एमएमची वायर त्यालाही पुरते. गुंडाळलेला एक्स्टेन्शन बोर्ड मात्र या मशीनला कधीही नाही. गुंडाळीच्या आतले वेढे गरम होतात आणि उष्णता जायला वाट नसते.

सिंगल फेज मोटर उठताना एक 'टक्' असा बारीक आवाज येतो. वेग पुरेसा आला की आतला स्विच स्टार्टचा कंडेन्सर सोडतो, त्याचा तो आवाज. त्या आवाजाशी ओळख करून घ्या. दोन-तीन सेकंदांत तो आला नाही आणि मोटर घुमत राहिली तर लगेच लाल बटण दाबा. काहीतरी अडलंय.

अर्थिंगबद्दल तुम्ही लिहिलंय, "प्लगला तीन भोकं आहेत, म्हणजे अर्थिंग असणारच." इथे मला तुम्हाला थांबवायचंय. तिसऱ्या भोकाच्या मागे वायर असतेच असं नाही. असली तर ती जमिनीपर्यंत पोचतेच असं नाही. काही ठिकाणी तर मागे न्यूट्रलच वळवून जोडलेला मी पाहिलाय. तो न्यूट्रल कुठे तुटला की मशीनची सगळी बॉडी जिवंत होते, आणि तुम्ही त्या बिडाच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे असता. परवानाधारक माणसाकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. खड्डा जुना, कोळसा-मिठाचा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं हे घरोघर विसरलं जातं.

आणि अर्थिंग चांगली असली तरी ती एकटी पुरत नाही. हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवायचो. समजा तुमच्या अर्थिंगचा अडथळा ५ ओहम आहे, म्हणजे घरगुती मानाने बराच चांगला. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ ॲम्पियर जमिनीत जातील. सी प्रकारचा १६चा एमसीबी झटक्यात पडायला किमान ८० लागतात. ४६वर तो पडेल, पण सेकंद मोजत पडेल, आणि तेवढे सेकंद मशीनच्या बॉडीवर वीज असेल. म्हणून शेडच्या लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवा. ४६ ॲम्पियरची वाट पाहायची त्याला गरज नसते. गेलेला आणि परत आलेला करंट यांत ०.०३ ॲम्पियरचा फरक दिसला की तो क्षणात तोडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. ड्राइव्ह लावलात तर साधा एसी प्रकारचा आरसीसीबी भरवशाचा राहत नाही, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचाच घ्या.

आता "बाकी मी करतो" याबद्दल. तुम्ही अडाणी नाही हे पत्रावरूनच दिसतं. पण नवी लाइन ओढणं, बोर्डात जोडणं आणि अर्थिंग ही कामं आपल्याकडे परवानाधारक ठेकेदार आणि तारतंत्रीनेच करायची असतात. तो नियम मला पटतो, कारण काम संपल्यावर मोजमाप करून सही करणारा कोणीतरी लागतो. ओळखीच्या वायरमनकडे परवाना असेल तर त्यालाच सांगा, नसेल तर दुसरा बघा आणि त्याचा मान राखून बघा. तुम्हाला करण्यासारखं तरीही पुष्कळ आहे: पाइप कुठून न्यायचा ते आखणं, स्टार्टरची पेटी कुठे बसवायची ते ठरवणं, मोटरचा पाया, पुल्या एका रेषेत आणणं, पट्टा ताणणं, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावणं. महावितरणच्या बिलावर छापलेला मंजूर भारही बघून ठेवा, गीझर आणि ही मोटर एका वेळी चालली तर त्यात बसतं का ते. छंद म्हणून स्वतःसाठी स्टूल-चौरंग केलेत तर घरगुती जोडणी चालते. विकायला लागलात की वापर बदलतो आणि वीज कायद्याच्या कलम १२६खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, तेव्हा ती वेळ आली तर आधी अर्ज करून प्रकार बदलून घ्या.

पेटी कुठे बसवायची यावर थोडं थांबतो, कारण इथे वायरिंगपेक्षा तुमचं शरीर महत्त्वाचं आहे. मशीनसमोर उभे राहा, मशीन बंद, प्लग काढलेला, आणि दोन्ही हातांनी एक फळी टेबलावर दाबून धरा, जणू कापताय. आता फळी न सोडता तुम्ही काय दाबू शकता? हात तर दोन्ही अडकलेत. भिंतीवरच्या पेटीकडे वळलात तर फळी उलटी फेकली जाईल. उरतो गुडघा. म्हणून पेटी भिंतीवर असली तरी एक लाल छत्रीसारखं मोठं बटण टेबलाच्या पुढच्या कडेखाली, तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर बसवा आणि ते स्टार्टरच्या लाल बटणाच्या ओळीतच जोडून घ्या. डोळे मिटून दहा वेळा गुडघ्याने दाबायचा सराव करा. बटण दाबल्यावरही पातं काही वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत हात टेबलावरून मागे. जुन्या मशीनवर पात्याचं झाकण आणि पात्यामागची पाचर बहुधा हरवलेली असते. पाचरीमुळे फळी पात्यावर मिटत नाही. ती बनवून घेतल्याशिवाय कापायला घेऊ नका, हातमोजे घालून तर कधीच कापू नका.

पातं बदलताना प्लग काढून तो समोर, दिसेल असा ठेवायचा. नातवंडं सुट्टीत येतात म्हणता, तर शेडच्या लाइनचा दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, स्विच कुलूप लावता येईल असा घ्या आणि किल्ली घरात ठेवा.

आता वहिनींबद्दल. तुम्ही 'विरोध मोडायचा' असं लिहिलंय. मला तो विरोध वाटत नाही. "बोटं घालवायची आहेत का?" हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि वायरमन, मुलगा आणि तुम्ही अशा तिघांच्या सल्लामसलतीत नेमका तोच कोणी विचारला नव्हता. मोटर कशी चालेल यावर तिघं बोलत होते, ती थांबणार कशी यावर फक्त त्या बोलल्या. त्यांना शेडमध्ये बोलवा. स्टार्टर काय करतो ते दाखवा, हिरवं-लाल बटण त्यांच्याच हाताने दाबायला द्या, मेन स्विच कुठे आहे आणि कसा पाडायचा हे त्यांना नीट माहीत असू द्या. शेडमध्ये एकटे असताना करवत चालवायची नाही, घरात कोणीतरी जागं आणि हाकेच्या अंतरावर हवं, हा नियम तुम्ही स्वतःहून मांडा. त्यांना तुमचा छंद नको आहे असं पत्रात कुठेच दिसत नाही. तुम्ही धडधाकट हवे आहात, एवढंच दिसतं.

सगळं जोडून झालं की पहिल्या दिवशी लाकूड आणू नका. पट्टा काढून ठेवा आणि नुसती मोटर चालवा. दिशा बघा: पट्टा चढवल्यावर पात्याचे दात वरून तुमच्याकडे येत खाली गेले पाहिजेत. उलटी फिरत असेल तर तारतंत्री टर्मिनलच्या पेटीत स्टार्ट वाइंडिंगची टोकं बदलून देईल, थ्री फेज असेल तर कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल. 'टक्' आवाज ऐका. पकडीच्या मीटरने करंट मोजून मोटरच्या पाटीशी ताडून बघा. मग पट्टा चढवा, पात्यासकट रिकामं दहा मिनिटं चालवा, मोटरवर आणि प्लगवर हात ठेवून बघा. प्लग कोमट लागला तर आतले स्क्रू ढिले आहेत.

त्यानंतर एकच चाचणी उरते. मशीन पूर्ण वेगात फिरत असताना तुम्ही चार पावलं मागे जा, आणि वहिनींना घरातून मेन पाडायला सांगा. पातं थांबू द्या. पूर्ण थांबलं की त्यांना मेन पुन्हा वर करायला सांगा. दिवे लागतील, पंखा फिरेल, मशीन गप्प राहिलं पाहिजे. हे तीन वेळा करा. तिन्ही वेळा गप्प राहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड चांगला असताना, सागाची सरळ, बिनगाठीची फळी घ्या. आणि पहिला चौरंग झाला की मला नक्की लिहा.